चांदणी बिघडवणाऱ्या काकू

सिंदी रेल्वे या गावातल्या ज्या घरात मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घराच्या मालकीणबाईंनी मला पाहिल्यावर नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. त्यांनी दारातच माझ्या पँटचं कापड दोन बोटांत धरलं, चुरगाळलं आणि सोडून दिलं. कापड लगेच सरळ झालं. त्यांचा चेहरा पडला.

"टेरिकॉट," त्या म्हणाल्या.

मी अभिमानानं मान हलवली. नव्या नोकरीसाठी मुद्दाम वर्ध्याला शिवून घेतलेली पँट होती ती.

"म्हंजे फाटल्यावरही तुमची चिंधी माझ्या काही कामाची नाई. राह्याचं तर राहा बाप्पा. खोली मागं हाये."

असा मी त्या घरात शिरलो. शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. ट्रंकेत नागपूरचा डिप्लोमा होता, काचेच्या चौकटीत बसवलेला, आणि डोक्यात अशी पक्की समजूत होती की आकार, रंग आणि तोल या तीन गोष्टी सगळ्या सिंदीत मला एकट्यालाच कळतात. ही समजूत आठ दिवस टिकली.

नवव्या दिवशी शाळेतून आलो तर काकू अंगणात शिडीच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. (सारं गाव त्यांना काकूच म्हणे, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा.) त्यांची पाठ अंगणाकडे, तोंड भिंतीकडे आणि हातात न्हाव्याकडे असतो तसला आरसा. खाली काका एका हातानं शिडी धरून उभे आणि दुसऱ्या हातात लांब काठी. अंगणभर वर्तमानपत्राचे कापलेले त्रिकोण आणि चौकोन पसरलेले, प्रत्येकावर वाऱ्यासाठी एकेक खडा. काकू आरशात पाहून हुकूम सोडत आणि काका काठीनं कागद सरकवत.

"डावीकडचा काळा तिकोन खाली घ्या. तो नाई. त्याच्या बाजूचा. आता तुमीच बाजूले व्हा, तुमची सावली नक्षीत येऊन राह्यली."

"मी बाजूले झालो का शिडी पडन," काका म्हणाले.

"मंग सावली बारीक करा."

मी विचारलं, "काकू, हे पाठमोरं कशासाठी?"

"समोरून पाह्यलं का आपलं केलेलं चांगलंच दिसते, मास्तर. आरशातून पाह्यलं का दुसऱ्याचं वाटते, मंग चुकी दिसते. तुमच्या डिप्लोम्यात शिकवलं नाई का?"

शिकवलं नव्हतं. पुढं मी पंचवीस वर्षं मुलांना ते शिकवलं, फक्त शिडी वगळून.

काकू गावाला गोधड्या शिवून देत, आणि त्यांचा पराक्रम कळायचा तर आधी गोधडीची रीत सांगायला हवी. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरायची, वरती रंगीत ठिगळांचा थर लावायचा आणि सगळं धावदोऱ्यानं एक करून टाकायचं. वरच्या थरात ठिगळं जोडून नक्षीचे मोठे चौकोन करतात. त्या एकेका चौकोनाला म्हणायचं चौक. चौक ठरलेले असत: चांदणी, चक्री, पायरी, दिवा. प्रत्येक घराचा एक. आईनं तो लेकीला द्यायचा आणि लेकीनं तसाच्या तसा पुढं न्यायचा. एका बाईची चांदणी आणि तिच्या पणजीची चांदणी शेजारी ठेवली तर फक्त कापडाच्या विटण्यावरून ओळखू येई.

काकूंना तसंच्या तसं हा शब्द सोसत नसे. लोक जुनी गोधडी घेऊन येत, नवी शिवून मागत, आणि काकू त्या जुन्या चौकात एक खोडी काढून ठेवत. एकच. याबाबतीत त्या फार कडक होत्या.

"चौकातली एक गोष्ट हलवली का चौक जागा होते," त्या म्हणत. "दोन हलवल्या का मरते."

सोळा चक्र्या सगळ्या एकाच दिशेनं फिरणाऱ्या असल्या, तर काकू त्यातली एक उलटी फिरवत. एवढंच. पण त्या एकीमुळं उरलेल्या पंधरा खरोखर फिरायला लागत. एक गिऱ्हाईकबाई कुरकुरली की हिच्याकडं पाहिलं की भोवळ येते. काकू म्हणाल्या, "पाह्याची कायले? पांघराची हाये." पायरीच्या चौकात मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या चढत जातात, काकूंनी तो मधला चौकोन उचलून कोपऱ्यात नेला, आणि अख्खी गोधडी नाल्याच्या काठासारखी एका बाजूला उतरायला लागली. स्टेशनवर रात्रपाळी करणारा एक पॉइंट्समन होता, त्याला दिवसा झोपावं लागे. त्याच्या घरची चांदणी निळ्यावर पांढरी. काकूंनी रंगांची अदलाबदल केली आणि पांढऱ्याशुभ्र जमिनीवर निळ्या चांदण्या काढल्या. तो माणूस गोधडी उलगडून बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग म्हणाला, "काकू, दिवसा निघालेल्या चांदण्या हायेत ह्या." काकू चष्म्यावरून माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "पाह्यलं मास्तर? डिप्लोमा नाई तरी समजलं."

सगळ्यांना समजत नसे. चांदणी बिघडवली, आईची आठवण नासवली, असं म्हणत बाया तणतणत येत.

"मले अगदी हिच्यासारखीच पाह्यजे होती."

"हिच्यासारखी ही हाये ना तुमच्याजवय. मंग दुसरी काऊन पाह्यजे?"

बाई आणखी चिडे. काकू निवांतपणे पानाला चुना लावत. गावात त्यांना येडी म्हणणारे खूप होते. पण एक गंमत मी सहा वर्षं पाहिली. रागावून गेलेली बाई दुसऱ्या हिवाळ्यात परत येई आणि या वेळी जुनी गोधडी न आणता नुसत्या चिंध्या घेऊन येई.

बदल काय करायचा हे काकू मनानं ठरवत नसत. त्यासाठी चौकशी होई, आणि ती चौकशी पोलिसांनी शिकावी अशी. पांघरणार कोण? कुशीवर का उताणा? उशी कोणत्या अंगाला? घोरते का? झोपेत हात फेकते का? एवढ्यानं समाधान झालं नाही तर माणसालाच बोलावून घेत आणि अंगणात चटईवर झोपवत. आमचे मुख्याध्यापक, ज्यांच्यापुढं आम्ही शिक्षक नीट श्वासही घेत नसू, ते एका रविवारी सकाळी काकूंच्या चटईवर डोळे मिटून आडवे पडलेले मी पाहिले आहेत. काकू खडूनं त्यांच्याभोवती रेघ ओढत होत्या.

"सर, तुमी झोपेतही असेच सावधान राह्यता का?"

"नाही, जरा... सैल."

"मंग व्हा सैल. लाजू नका. मास्तर पाह्यत नाई."

मास्तर खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून पाहत होता. ती रेघ पुढं दोन दिवस अंगणात होती, आणि मी शाळेत जाताना तिला वळसा घालून जात असे.

काकांबद्दल सांगायचं राहिलं. ते जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. संध्याकाळी भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन घरी येत, हातपाय धुत आणि जेवणाआधी वीस सुया ओवून कॅलेंडरवर ओळीनं टोचून ठेवत. काकूंना दूरचं झकास दिसे, जवळचं दिसत नसे. काकांचं नेमकं उलटं. दोघं मिळून एक धडधाकट माणूस होई, आणि दोघांनाही त्याची पुरेपूर जाणीव होती. काकू टाके घालत त्या बोटांच्या अंदाजानं. एका वितीत किती टाके आले हे त्या अंगठा फिरवून सांगत आणि ते कधी चुकत नसे.

मीही एकदा शहाणपणा केला. कंपासनं बारा पाकळ्यांचं कमळ काढलं, छाया-प्रकाश देऊन रंगवलं आणि काकूंपुढं ठेवलं. त्यांनी समोरून पाहिलं. आरशातून पाहिलं. मग कागद माझ्या हातात परत दिला.

"छान हाये. कोनाच्या पत्रिकेवर छापा."

पण त्या दिवसापासून माझ्या आलेखाच्या कागदांवर त्यांचा डोळा गेला. त्या कागदावर चौकाचं माप अचूक बसतं हे कळल्यावर मी त्यांचा आराखडेवाला झालो. त्या सांगत, मी काढत असे. डिप्लोम्याचा एवढा चांगला उपयोग पुढंही कधी झाला नाही.

कुंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. मॅट्रिक झालेली, आईसारखी ठेंगणी, आईसारखी हट्टी, आणि आईच्या गोधड्यांना पुरती वैतागलेली. शाळेत मुली तिला उलटी चक्री म्हणत. बावीस वर्षांची होईपर्यंत तिनं ते ऐकून घेतलं होतं. मग आष्टीच्या एका कंपाउंडरशी तिचं लग्न ठरलं आणि तिनं एके संध्याकाळी मला मुद्दाम ओसरीवर बोलावून घेतलं. साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, हे नंतर कळलं.

"आई, मले लग्नात एक गोष्ट पाह्यजे."

"सांग."

"माझी गोधडी आजीच्या चौकाची कर. दिव्याची. अन् तशीच्या तशी. एक ठिगळ नको हलवजो."

काकूंचा हात थांबला. "काऊन?"

"काऊन म्हंजे? आष्टीच्या बाया रुखवत पाह्यतीन. पैल्याच दिवशी येडीची लेक म्हनून नाई जायाचं मले."

काका कॅलेंडरकडं पाहत राहिले. मी माझ्या चपला शोधायला लागलो.

"येडीची," काकू म्हणाल्या.

"मी नाई म्हनत, आई. गाव म्हनते. पन तथी मी एकटी राहीन ना. अथी तू तरी हायेस."

काकूंनी हातातली सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाल्या, "देल्ला शब्द. हात लावनार नाई एकाही चौकाले."

"नुसत्या शब्दावर माझा भरोसा नाई. दादा रोज कागदाशी ताडून पाह्यतीन."

दादा म्हणजे मी. असा मी माझ्याच घरमालकिणीवर चौकीदार नेमला गेलो.

आजीची गोधडी साधी होती. मधोमध चार दिवे, दोनावर दोन, चारही दिव्यांच्या ज्योती उशाकडं. भोवती साधी चौकोनी ठिगळं. आणि पायथ्याशी वीतभर रुंदीची एक बिननक्षीची पट्टी. ती पायपट्टी. पाय मळके असतात, म्हणून पायाकडं साधी पट्टी लावायची आणि मळली की उसवून दुसरी जोडायची. शिवाय दिवा मालवल्यावरही हातानं चाचपून कळतं की पायाची बाजू कोणती, कारण पायाची बाजू तोंडावर घ्यायची नसते. सिंदीत हे रांगतं मूलही जाणे.

मी ती गोधडी मापून आलेखाच्या कागदावर उतरवली आणि रोज संध्याकाळी काकूंचं काम तिच्याशी ताडून पाहायला लागलो. ते सहा आठवडे मी विसरणार नाही. तहानलेल्या माणसाला पाण्याच्या हौदापाशी बांधून ठेवावं तशी काकूंची दशा झाली. गुडघ्यावर बोट आपोआप रेघा ओढे. आठवडाभर त्या पाटीवर दिवे काढत आणि पुसत राहिल्या. मग सौदे सुरू झाले.

"मास्तर, एका दिव्याची ज्योत जराशी कलती केली तर? वाऱ्यानं झाली म्हनू."

"नाही, काकू."

"बरं, एक ज्योत निळी."

"नाही."

"तुमी मागच्या जन्मी तलाठी होते."

एकदा खरंच एक ठिगळ फिरलेलं सापडलं. मी बोट ठेवलं. काकूंनी मुकाट्यानं उसवलं, पण त्या दिवशी माझ्या ताटात (मी त्यांच्याकडंच जेवत असे) भाजीला मीठ नव्हतं. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरात कोनी आजारी असल्यावानी वाटून राह्यलं, मास्तर. लवकर होऊ द्या हे लग्न."

गोधडी पूर्ण झाली. सुबक, बारीक टाक्यांची, आजीच्या गोधडीची जुळी बहीण. कुंदानं ती अंगणात पसरली, चारही बाजूंनी फिरून पाहिली आणि आईच्या गळ्यात पडली. काकू तिच्या पाठीवर हात फिरवत माझ्याकडं पाहत होत्या. ती नजर कैद्याची होती.

लग्न वैशाखात. गोरज मुहूर्त. आष्टीची मंडळी सकाळीच ट्रकनं आली, वऱ्हाडासाठी घेतलेल्या घरात, जानोशावर, उतरली, आणि दुपारी जेवणं झाल्यावर त्यांच्या बाया रुखवत पाहायला मांडवात आल्या. पुढं नवरदेवाची आत्या. उंच, हाडापेरानं दणकट, आणि चाल अशी की मांडवातली माणसं आपोआप बाजूला होत. लाडू, सांडगे, मण्यांचं तोरण यांच्यावरून तिनं नुसती नजर फिरवली आणि दोरीवर टांगलेल्या गोधडीपाशी थांबली. बोटानं टाके चाचपले.

"टाके बारीक हायेत."

मांडवात सिंदीकडच्या बायांनी श्वास सोडला. आत्याबाईंचा हात खाली सरकत गेला आणि पट्टीवर थांबला.

"ही पट्टी अथी काऊन?"

"पायपट्टी हाये, विहीणबाई," काकू म्हणाल्या.

"पायाकडं?"

"मंग कुठी असते पट्टी?"

"उशाकडं. डोक्शाचं तेल लागते कापडाले, म्हनून साधी पट्टी उशाकडं लावाची असते. आमच्याकडं तर अशीच रीत हाये बाप्पा."

कारण दोन्ही गावांचं एकच होतं, मळ. माणसाचं कोणतं टोक जास्त मळकं, एवढ्यावरच सिंदी आणि आष्टीचं जमत नव्हतं. पण त्या दुपारी हे बोलून दाखवायची हिंमत कोणात नव्हती, माझ्यात तर नव्हतीच.

आत्याबाईंनी हिशेब मांडला. "तुमच्या रीतीनं पांघरली तर पट्टी नसलेलं टोक, म्हंजे आमच्याकडं पायाचं, आमच्या पोराच्या तोंडावर. आमच्या रीतीनं पांघरली तर चारी दिवे खाली डोक्शे करून. नव्या नवरीच्या अंगावर उलटे दिवे. काय समजून केलं तुमी हे?"

कोणीतरी म्हणालं, पट्टी उसवून वरती लावा, झालं. त्यावर सिंदीच्या बाया उसळल्या. "म्हंजे आमच्या पोट्टीनं रोज पायपट्टी तोंडावर घ्याची काय?" पाच मिनिटांत मांडवाचे दोन भाग झाले. इकडं पाय, तिकडं डोकं. आत्याबाईंनी शेवटचं सांगितलं, "हे निस्तरा. तवर नवरदेव जानोशावरून उठनार नाई." मुहूर्ताला तीन तास उरले होते.

मी काकूंकडं पाहिलं. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर काहीतरी काढत होतं, पुसत होतं, पुन्हा काढत होतं. मग बोट थांबलं. ते थांबणं मी चांगलं ओळखत होतो. उत्तर सापडलं होतं. तरी त्या उठेनात.

मी जवळ जाऊन बसलो. "काकू, करा ना काहीतरी."

"शब्द देल्ला हाये. तुमीच तर चौकीदार."

"आता कशाचा शब्द?"

"चुकी माझीच हाये, मास्तर. बदलाचं असते तवा मी सारं इचारतो. उशी कुठी, पाय कुठी, कोन्या गावचे. ही तशीच्या तशी कराची होती म्हनून कोनाले काही इचारलंच नाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पन पोट्टीनं मागतलं तेवढंच देईन मी. तिच्या लग्नात माझी खोडी नाई घालनार."

तेवढ्यात आतून कुंदा आली. हातांना हळद, कपाळाला मुंडावळ्या, मागून दोन बाया तिला धरायला धावत असलेल्या. नवरीनं असं बाहेर येऊ नये हे तिला माहीत होतं. तिनं गोधडीकडं पाहिलं, आत्याबाईंकडं पाहिलं, आणि आईसमोर जाऊन उभी राहिली.

"तुले सुचलं ना काही?"

काकूंनी गुडघ्यावरचं बोट पदराखाली घेतलं.

"आई, तुझ्या तोंडावर दिसून राह्यलं."

"सुचलं. पन नाई करनार. लोक म्हनतीन..."

"मी म्हनतो कर. फिरव काय फिरवाचं ते."

"साऱ्या आष्टीसमोर?"

"साऱ्या आष्टीसमोर. मी येडीचीच लेक हावो."

काकूंनी खांबाचा आधार सोडला. "कुंदाचे बाबा," त्या म्हणाल्या, "सुया."

काका तिथंच रेशमी टोपी घालून बसले आणि ओवायला लागले. आयुष्यभर मशीनचे नट आवळलेले ते हात भराभर सुया ओवत होते. काकूंनी गोधडी जमिनीवर पसरली. आधी पायपट्टी उसवून काढून टाकली. वरतीही नाही, खालीही नाही, पट्टीच नको. पट्टी गेली आणि गोधडी जवळजवळ चौरस झाली. मग खालच्या दोन दिव्यांचे टाके कापले, दोन्ही चौक उचलले, अर्धा फेरा फिरवले आणि त्याच जागी पुन्हा ठेवले. आता वरच्या दोन ज्योती एकीकडं आणि खालच्या दोन ज्योती दुसरीकडं.

मी सहा आठवडे रोज तो कागद पाहत होतो. मला हे दिसलं नव्हतं.

"पन हे दोन उलटेच राह्यले की," आत्याबाई वरून म्हणाल्या.

"तुमच्याकडून उलटे. समोरच्याले सुलटे. आरतीच्या ताटात चार दिवे ठेवता तवा सारे तुमच्याचकडं तोंड करून असतात का?"

आत्याबाई विचारात पडल्या. त्या विचार करत असताना काकू शिवत होत्या, आणि घाईत टाके लांब पडत होते. आत्याबाईंना ते पाहवेना. एकदा नजर वळवली, दोनदा वळवली, तिसऱ्यांदा पदर खोचून त्या खाली बसल्या.

"असा नसते घालत धावदोरा. सरका तिकडं. सुई द्या, व्याही."

काकांनी सुई दिली. एका दिव्यावर नवरीची आई, दुसऱ्यावर नवरदेवाची आत्या. दोघी एकमेकींकडं न पाहता शिवत होत्या, पण वेग मात्र एकमेकींचा पाहून ठरत होता. सिंदीच्या बाया एका बाजूनं वाकून पाहत होत्या, आष्टीच्या दुसऱ्या बाजूनं, आणि कोणीच आता पायडोकं बोलत नव्हतं, सगळ्या टाके मोजत होत्या. भटजींनी दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा ते स्वतःच येऊन उभे राहिले आणि आरतीच्या ताटाचा मुद्दा बरोबर आहे असं म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

दोरा तोडला तेव्हा ऊन कलत होतं. आत्याबाई उठल्या, गोधडीच्या एका टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, मग दुसऱ्या टोकाला गेल्या.

"मंग आता उशी कुठी ठेवाची?"

"जथी ठेवसान तथी उसं," काकू म्हणाल्या.

नवरदेव जानोशावरून उठला. लग्न लागलं. अक्षता टाकताना मी काकूंकडं पाहिलं, तर त्या नवरानवरीकडं पाहत नव्हत्या. रुखवताकडं पाहत होत्या, मान जराशी तिरकी करून.

दिवाळीला कुंदा माहेरी आली. एसटीतून उतरून घरी येते तोच, पाणीही न देता, काकूंनी विचारलं.

"कोन्या बाजूनं घेता?"

"काय?"

"गोधडी वं. उशी कोन्या बाजूले?"

कुंदा हसली. "सासूबाई आष्टीच्या बाजूनं, पट्टी उसवलेलं टोक उशाकडं ठेवून, अंथरून देतात. तू इचारशीन म्हनून मी सिंदीच्या बाजूनं घेऊन पाह्यली. मंग आमी नवरा-बायकोनं ठरवलं. आमी आडवी घेतो."

"आडवी?"

"हो ना. आडवी घेतली का दोन दिवे त्याईच्याकडं तोंड करून असतात, अन् दोन माझ्याकडं."

काकूंनी हातातला तांब्या खाली ठेवला. "अन् पाय?"

"जरासे बाहेर राह्यतात. राहू दे."

त्यानंतर काकू चार दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. कुंदाचं सगळं केलं, करंज्या तळल्या, तिच्या केसांना तेल लावलं, पण मन कुठंतरी दुसरीकडं होतं. पाचव्या दिवशी लेकीला एसटीत बसवून आम्ही परत येत होतो. बाजाराच्या वळणावर त्या मधेच उभ्या राहिल्या.

"आडवी," त्या म्हणाल्या. "मास्तर, मी नाई पाह्यलं तं नाई पाह्यलं. तुमच्या डिप्लोम्याले तरी दिसाले पाह्यजे होतं."

आणि पुढं चालायला लागल्या. इतक्या खुशीत मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.